नाव तेच, गळा नवा

१५ मार्च १९९४ रोजी इलेक्ट्रा या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने मॉटली क्रू या लॉस एंजेलिसच्या बँडचा सहावा स्टुडिओ अल्बम बाजारात आणला. अल्बमचं नावही ‘मॉटली क्रू’ एवढंच होतं. रॉक संगीतात स्वतःचं नाव अल्बमला देण्याची पद्धत बहुधा पहिल्या अल्बमपुरती असते. आपण कोण हे सांगायची गरज तेव्हाच असते. या बँडने मात्र स्थापनेनंतर तेरा वर्षांनी, लाखोंच्या खपाचे अल्बम गाठीशी असताना पुन्हा स्वतःची ओळख करून दिली, कारण गायक बदलला होता. पहिले पाचही अल्बम गाणारा विन्स नील आता नव्हता. त्याच्या जागी फिलाडेल्फियात जन्मलेला जॉन कोराबी उभा होता.

अल्बम पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डच्या यादीत सातव्या क्रमांकावर आला आणि नंतर घसरत गेला. आधीचा ‘डॉ. फीलगुड’ एकट्या अमेरिकेत साठ लाखांच्या वर खपला होता. हा पाच लाखांच्या ‘गोल्ड’ प्रमाणपत्रावर थांबला. दौरा आखडता घ्यावा लागला, प्रेक्षागृहं लहान होत गेली. १९९७ साली विन्स नील परतला, कोराबी बाहेर पडला आणि बँडच्या नंतरच्या मैफलींत या अल्बममधल्या गाण्यांना जवळपास जागाच उरली नाही. बँडच्या इतिहासात आज त्याची नोंद एखाद्या परिच्छेदात आटोपते. त्या एका परिच्छेदाचं हे पुस्तक आहे.

या अपयशाची दोन उत्तरं तयार मिळतात. पहिलं असं की सिएटलहून आलेल्या ग्रंज या नव्या रॉकने ग्लॅम मेटलचा काळच संपवला, त्यात हाही वाहून गेला. दुसरं असं की चाहत्यांना नवा गायक नको होता. दोन्हीत तथ्य आहे, तरी दोन्ही मला अपुरी वाटतात. ग्रंजच्या ऐन भरात अतिशय जड, कर्कश संगीत लाखांनी खपत होतं आणि गायक बदलूनही शिखरावर गेलेल्या बँडांची उदाहरणं याच परंपरेत आहेत. माझं म्हणणं असं की बँडचं नाव हा ऐकणाऱ्याला दिलेला शब्द असतो. बँडमधल्या चौघांनी खऱ्या अर्थाने नवा बँड उभा केला, नवं संगीत केलं आणि ते जुन्या शब्दावर विकायला काढलं. त्या नावानेच अल्बमला पैसा, स्टुडिओ आणि पहिल्या आठवड्याचे ग्राहक मिळवून दिले आणि त्याच नावाने त्याचं नीट ऐकलं जाणं हिरावून घेतलं. हे समजायचं तर आधी त्या नावात काय काय साठलेलं होतं ते पाहायला हवं.

मॉटली क्रूची स्थापना १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये झाली. बास वाजवणारा आणि बहुतेक गाणी लिहिणारा निकी सिक्स, ड्रमर टॉमी ली, गिटारवादक मिक मार्स आणि गायक विन्स नील. सनसेट स्ट्रिप नावाच्या रस्त्यावर व्हिस्की अ गो गो, रॉक्सी यांसारखे क्लब ओळीने होते आणि तिथे ही मंडळी वाढली. पहिला अल्बम ‘टू फास्ट फॉर लव्ह’ त्यांनी लेदर रेकॉर्ड्स या स्वतःच्या छोट्या लेबलवर काढला. पुढच्या वर्षी इलेक्ट्राने तो पुन्हा प्रसिद्ध केला. मे १९८३मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या यूएस फेस्टिव्हलच्या हेवी मेटलच्या दिवशी ते अफाट गर्दीसमोर वाजले आणि त्याच वर्षी ‘शाउट अ‍ॅट द डेव्हिल’ आला. त्यानंतर त्यांना लहान क्लबांकडे वळायची गरज उरली नाही.

ग्लॅम मेटल म्हणजे केवळ फुगवलेले केस, लिपस्टिक आणि घट्ट चकचकीत विजारी असा समज पुष्कळांचा आहे. त्या वेषाला पूर्वपरंपरा होती. इंग्लंडमधल्या टी. रेक्स, स्लेड, स्वीट या सत्तरच्या दशकातल्या बँडांची नटवी धून, न्यूयॉर्क डॉल्सचा बेफिकीर बायकी वेष, अ‍ॅलिस कूपर आणि किस यांचं रंगमंचावरचं नाट्य आणि एरोस्मिथचा ब्लूजवर पोसलेला रॉक एवढं सगळं त्यात मुरलेलं होतं. त्याला हेवी मेटलच्या जाड गिटारची जोड मिळाली आणि वर सहज ओठांवर बसणारं ध्रुवपद आलं. १९८१च्या ऑगस्टमध्ये एमटीव्ही सुरू झाल्यावर या देखण्या, आरडाओरडा करणाऱ्या संगीताला घराघरांत जागा मिळाली. १९८३ साली क्वाएट रायटचा ‘मेटल हेल्थ’ बिलबोर्डवर पहिला आला आणि रेकॉर्ड कंपन्यांची पावलं सनसेट स्ट्रिपकडे वळली. रॅट, डॉकन, पॉयझन, सिंड्रेला, वॉरंट, स्किड रो ही नावं पुढची सात-आठ वर्षं अमेरिकन तरुणांच्या तोंडी होती.

या घोळक्यात मॉटली क्रूचं स्थान सर्वांत धोकादायक पोरांचं होतं. १९८५ साली अमेरिकेतल्या पालकांच्या पीएमआरसी या संघटनेने आक्षेपार्ह गाण्यांची जी पंधरा नावांची यादी केली, तीत त्यांचं एक गाणं होतं. ‘होम स्वीट होम’ या पियानोने सुरू होणाऱ्या गाण्याने त्यांनी पुढच्या असंख्य बँडांना हळव्या गाण्याचा साचा दिला. दारू, हेरॉइन, मारामाऱ्या यांची वर्णनं त्यांनी स्वतःच अभिमानाने पसरवली. त्यातलं सगळंच मौजेचं नव्हतं. डिसेंबर १९८४मध्ये विन्स नील दारू पिऊन चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात हॅनोई रॉक्स या बँडचा ड्रमर रॅझल मरण पावला. १९८७च्या डिसेंबरात निकी सिक्स हेरॉइनच्या अतिसेवनाने मरणाच्या दारातून परतला. स्त्रियांबद्दलची त्यांची वागणूक त्यांच्याच ‘द डर्ट’ या २००१च्या आत्मकथनात वाचताना आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. या पुस्तकात त्या वागण्याचं समर्थन नाही. पण मॉटली क्रू हे नाव कानावर पडताच अमेरिकन श्रोत्याच्या मनात काय उभं राहत होतं, ते या सगळ्याशिवाय कळणार नाही.

त्या नावाला एक आवाज होता. विन्स नीलचा गळा शास्त्रशुद्ध मोजमापांत थोर म्हणता येणार नाही. तो उंच पट्टीचा, नाकात किंचित घुमणारा, पोरकट उद्दामपणाने भरलेला होता. शब्दांची शेवटची अक्षरं तो खाऊन टाकी. पण शनिवारी रात्री गाडीच्या काचा खाली करून जायला निघालेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा माज त्या आवाजात हुबेहूब उतरत असे. सिक्सची गाणी त्या गळ्यासाठीच बेतलेली होती. मार्सची गिटार कितीही काळवंडली तरी वरचा आवाज तिला हसरी ठेवत असे.

१९८९चा ‘डॉ. फीलगुड’ हा या सगळ्याचा कळस. व्हँकुव्हरच्या लिट्ल माउंटन साउंड स्टुडिओत कॅनडाचा निर्माता बॉब रॉक याने तो घडवला. बँडने व्यसनं सोडली होती, पण चौघांना एका खोलीत बसवणं अवघड होतं. म्हणून रॉकने प्रत्येकाचं वादन वेगवेगळं मुद्रित करून घेतलं. ड्रम्सना त्याने जो प्रचंड, पोकळी भरून टाकणारा नाद दिला, तो ऐकून मेटॅलिकाने आपल्या १९९१च्या काळ्या वेष्टनाच्या अल्बमसाठी त्यालाच बोलावलं. नव्वदच्या दशकात जड संगीत लोकप्रिय करणारा तो नाद ग्लॅम मेटलच्या कारखान्यातूनच निघाला होता, हे मुद्दाम लक्षात ठेवावं. ‘डॉ. फीलगुड’ बिलबोर्डवर पहिला आला. मॉटली क्रूच्या दुसऱ्या कुठल्याही अल्बमला तो मान मिळाला नाही.

यशाच्या या टप्प्यावर इलेक्ट्राने त्यांच्याशी नवा करार केला. त्याचा आकडा त्या वेळच्या बातम्यांत अडीच कोटी डॉलर असा आला होता. आणि मग फेब्रुवारी १९९२मध्ये विन्स नील बँडबाहेर गेला. त्याला काढलं की तो निघून गेला, यावर दोन्ही बाजू आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत. सरावाला येण्यातली टाळाटाळ, मोटार शर्यतींची ओढ, दारू अशा तक्रारी उरलेल्या तिघांनी केल्या. नीलचं म्हणणं वेगळं होतं आणि प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. या पुस्तकात मी त्या भांडणाचा निवाडा करायला बसलेलो नाही. तारीख मात्र महत्त्वाची आहे. ग्रंजमधल्या निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबर १९९१मध्ये निघाला आणि जानेवारी १९९२मध्ये बिलबोर्डवर पहिला आला. पुढच्याच महिन्यात मॉटली क्रूने आपला आवाज गमावला. पायाखालची जमीन सरकत असताना त्यांनी घराचा दर्शनी खांब काढला होता.

कोराबी तेव्हा द स्क्रीम नावाच्या बँडमध्ये गात होता. रेसर एक्स या चपळ वादनासाठी गाजलेल्या बँडमधले दोन वादक त्यात होते आणि १९९१ साली ‘लेट इट स्क्रीम’ हा त्यांचा अल्बम आला होता. सिक्सने एका मासिकातल्या मुलाखतीत त्या अल्बमची तारीफ केली. ती वाचून कोराबीने आभार मानायला फोन केला आणि त्यातून ऑडिशनचं बोलावणं आलं, अशी हकिगत ‘द डर्ट’मध्ये आणि खुद्द कोराबीच्या मुलाखतींत येते. तो वयाने तिशी ओलांडलेला होता. त्याचा गळा खालच्या पट्टीत भरदार, वर जाताना खरखरीत आणि ब्लूजमध्ये भिजलेला. नीलच्या आवाजात पोर होतं. कोराबीच्या आवाजात बाप झालेला माणूस होता. शिवाय तो गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा. या दोन गोष्टींनी बँडची घडण आतून बदलली.

आजवर गाणी बहुतांश सिक्स घरून लिहून आणी आणि बाकीचे ती वाजवत. आता चौघं एका खोलीत बसून तासन्तास वाजवत राहिले आणि त्यातून धून निघू लागली. अल्बमवर संगीताचं श्रेय चौघांना एकत्र आहे. शब्द सिक्स आणि कोराबीचे. बँडच्या इतिहासात प्रथमच दोन गिटार एकमेकींशी बोलू लागल्या. मिक मार्सला याचा सर्वांत मोठा लाभ झाला, असं मला वाटतं. मणक्याचा असाध्य संधिवात घेऊन उभा राहणारा हा अबोल वादक आधीच्या अल्बमांत रिफ आणि सोलो या दोन्हींचं ओझं एकटा वाहत होता. इथे खालची जमीन कोराबी धरून ठेवतो आणि मार्स तिच्यावर मोकळेपणाने भटकतो. त्याची गिटार कधी घोगरी होते, कधी स्लाइडवर कण्हते, कधी विरून धूसर होते. टॉमी लीचे ड्रम्स ‘डॉ. फीलगुड’हून अधिक मोकळे आणि वजनदार आहेत. निर्माता पुन्हा बॉब रॉकच. या वेळी त्याला हवा होता तो चौघांचा एकत्र श्वास, आणि तो त्याला मिळाला.

अल्बमसाठी आधी ठरलेलं नाव वेगळं होतं. ‘टिल डेथ डू अस पार्ट’ हे त्यातल्या एका संथ, भारी गाण्याचं शीर्षकच अल्बमला द्यायचं होतं. लग्नाच्या शपथेतले ते शब्द अशा वेळी बोलके ठरले असते. शेवटी बँडचंच नाव राहिलं. या निवडीत एक ठाम दावा होता: आम्हीच मॉटली क्रू, आणि आता मॉटली क्रू म्हणजे हे.

बारा गाण्यांचा हा तासाभराचा अल्बम ऐकताना पहिल्या मिनिटातच फरक कळतो. ‘पॉवर टू द म्यूझिक’ची गिटार खालच्या सुरात लावलेली आहे आणि तिची चाल नाचरी न राहता पाय रोवून येते. ‘हूलिगन्स हॉलिडे’ हे पहिलं सिंगल. त्यात ध्रुवपद जुन्या क्रूसारखं एकत्र ओरडण्याजोगं असलं तरी त्याखालचं गाणं रागावलेलं आहे. ‘अंकल जॅक’ लहान मुलांवर घरातल्याच माणसाकडून होणाऱ्या अत्याचारावर आहे. पाच वर्षांपूर्वी या बँडकडून अशा गाण्याची कोणी कल्पनाही केली नसती. त्यातला संताप विकायला काढलेला नाही, कोराबीच्या गळ्यातून तो फाटून बाहेर येतो. ‘स्मोक द स्काय’ गांजाची बाजू घेणारं वेगवान गाणं आहे, ‘हॅमर्ड’ आणि ‘ड्रॉपिन लाइक फ्लाइज’मध्ये काळोखी आहे, ‘पॉयझन अ‍ॅपल्स’मध्ये जुन्या रॉक अँड रोलचा खट्याळपणा क्षणभर डोकावतो.

या सगळ्यांत माझ्या लेखी ‘मिसअंडरस्टूड’ सर्वांत मोठं आहे. जवळपास सात मिनिटांचं हे गाणं साध्या अ‍ॅकूस्टिक गिटारवर, म्हातारपणी एकट्या पडलेल्या माणसांकडे पाहत सुरू होतं. मग ऑर्केस्ट्रा भरत जातो, ड्रम्स कोसळतात आणि शांत वाटणारं गाणं एकाएकी विशाल होतं. डीप पर्पलमध्ये गायलेला ग्लेन ह्यूज त्यात मागून गातो. लेड झेपेलिनची छाया या गाण्यावर आणि ‘लव्हशाइन’वर उघड आहे. ती उसनी वाटत नाही, कारण गाणाऱ्याला शब्दांची निकड आहे. शेवटचं ‘ड्रिफ्टअवे’ हे या बँडने केलेल्या हळव्या गाण्यांतलं सर्वांत कमी नटवं गाणं आहे. दोषही आहेत. काही गाणी लांबली आहेत, उत्तरार्धात एकाच गडद रंगाचा थर जाड होतो आणि सिएटलच्या अ‍ॅलिस इन चेन्सचे पडसाद क्वचित जवळून ऐकू येतात. तरीही वादन, मांडणी आणि गाण्यातला प्रामाणिकपणा या तिन्ही बाबतींत मॉटली क्रूचा हा सर्वांत भरीव अल्बम आहे, असं माझं मत आहे आणि पुढची प्रकरणं ते गाण्यागणिक मांडतात.

मग हा अल्बम लोकांना का पटला नाही? गायक बदलणं हेच कारण म्हणावं तर या परंपरेचा इतिहास आडवा येतो. १९८० साली एसी/डीसीने बॉन स्कॉटच्या मृत्यूनंतर ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ काढला आणि तो जगातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांत जाऊन बसला. त्याच वर्षी ब्लॅक सॅबथने ऑझी ऑझबोर्नच्या जागी रॉनी जेम्स डिओला आणून ‘हेवन अँड हेल’ केला. आयर्न मेडनचा भाग्योदय ब्रूस डिकिन्सन आल्यावर, १९८२ साली झाला. व्हॅन हेलनने तर डेव्हिड ली रॉथ गेल्यावर सॅमी हेगरसह १९८६ साली ‘५१५०’ काढला आणि तो त्यांचा बिलबोर्डवर पहिला आलेला पहिलाच अल्बम ठरला.

या उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. जॉन्सन, डिओ, डिकिन्सन, हेगर यांनी आवाज बदलला. पण बँडने श्रोत्याला जे देऊ केलं होतं ते बदललं नाही. एसी/डीसीची पार्टी चालू राहिली, सॅबथचा काळोख कायम राहिला, व्हॅन हेलनचा उन्हाळा सरला नाही. मराठी वाचकाला यासाठी रंगभूमीकडे पाहता येईल. ‘नटसम्राट’मधले आप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भटांनीही उभे केले आणि प्रेक्षकांनी ते स्वीकारले, कारण शिरवाडकरांची संहिता तीच होती. नव्या नटाकडून नवा अर्थ मिळाला तरी नाटक ओळखीचं राहिलं. मॉटली क्रूने १९९४ साली नट बदलला आणि त्याच रात्री संहिताही बदलली. पाटीवर मात्र जुनंच नाव होतं. उत्सवाची अपेक्षा घेऊन आलेल्या श्रोत्याला एकाकी म्हातारा, पोळलेलं मूल आणि काळवंडलेलं शहर भेटलं. आणि ज्यांना नेमकं असंच संगीत हवं होतं, ते वेष्टनावरचं नाव पाहूनच पुढे निघून गेले.

दुसऱ्या गटाबद्दलचं हे विधान मी त्या मार्च महिन्याकडे पाहून करतो आहे. ८ मार्च १९९४ रोजी साउंडगार्डनचा ‘सुपरअननोन’ आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर बसला. त्याच दिवशी नाइन इंच नेल्सचा ‘द डाउनवर्ड स्पायरल’ आला. मॉटली क्रूनंतर आठवड्याने, २२ मार्चला, पँटेराचा ‘फार बियॉन्ड ड्रिव्हन’ आला. त्या काळातल्या अत्यंत कठोर अल्बमांपैकी एक, आणि तोही पहिल्या क्रमांकावर. म्हणजे जड, गडद, संतापलेल्या संगीताला गिऱ्हाईक भरपूर होतं. पँटेराची गोष्ट तर इथे फार शिकवून जाते. टेक्सासचा हा बँड ऐंशीच्या दशकात ग्लॅम मेटलच्याच वेषात, दुसऱ्या गायकासह अल्बम काढत होता. फिल अँसेल्मो आला, मग वेष गेला, संगीत बदललं, आणि १९९०च्या ‘काउबॉइज फ्रॉम हेल’पासून जगाने त्यांना नवा बँड म्हणून ओळखलं. नाव तेच होतं. फक्त त्यांचे आधीचे अल्बम फारच थोड्यांनी ऐकले होते, त्यामुळे त्या नावावर कुणाचं कर्ज नव्हतं. मॉटली क्रूच्या नावावर दशकभराचं होतं.

यानंतर जे घडलं ते भराभर घडलं. ५ एप्रिल १९९४ रोजी निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याने आयुष्य संपवलं आणि रॉक माध्यमांचं सगळं लक्ष त्या शोकाकडे वळलं. एमटीव्हीच्या एका मुलाखतीत बँडला जुन्याच छचोर विषयांवर प्रश्न विचारले गेले, तेव्हा मुलाखत अर्धवट टाकून ते उठले आणि त्यांचं हक्काचं प्रसारण आटलं. इलेक्ट्रामध्ये त्याच वर्षी खांदेपालट झाला. बँडचा पाठीराखा बॉब क्रॅस्नाउ गेला आणि सिल्व्हिया रोन प्रमुख झाल्या. एवढ्या मोठ्या कराराच्या बँडकडून कंपनीला मोठा खप हवा होता आणि तिच्या लेखी त्याचा सोपा उपाय एकच होता: विन्स नीलला परत आणा. नीलचा स्वतःचा ‘एक्स्पोज्ड’ १९९३ साली येऊन गेला होता आणि त्यालाही एकट्याने जुनी उंची गाठता आली नव्हती. नाव एका बाजूला, आवाज दुसऱ्या बाजूला, अशी ही फाळणी दोघांनाही परवडणारी नव्हती.

पुढचा अल्बम कोराबीसह बराच आकाराला आला असताना १९९७ साली नील परतला. जूनमध्ये निघालेल्या ‘जनरेशन स्वाइन’वर कोराबीने रचायला हातभार लावलेली गाणी आहेत, आवाज नीलचा आहे. कोराबी पुढे किसचा माजी गिटारवादक ब्रूस क्युलिक याच्यासह युनियन या बँडमध्ये गायला, रॅटमध्ये गिटार वाजवली, द डेड डेझीजचा गायक झाला. २०१५ साली नॅशव्हिलमध्ये त्याने आपल्या बँडसह १९९४चा संपूर्ण अल्बम मंचावर वाजवला आणि त्याचं मुद्रण २०१८ साली प्रसिद्ध झालं. मूळ बँडने बाजूला ठेवलेल्या गाण्यांचा सांभाळ त्या गाणाऱ्याने केला, ही या सगळ्या हकिगतीतली मला सर्वांत सन्मानाची गोष्ट वाटते.

मराठी वाचकांपैकी अनेकांची या संगीताशी ओळख स्टार टीव्हीवरून १९९१पासून दिसू लागलेल्या एमटीव्हीमुळे झाली. घरात केबल येणं आणि अमेरिकेत ग्लॅम मेटल मावळणं या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, त्यामुळे आपल्याकडे उत्कर्ष आणि अस्त जवळजवळ एकत्रच पोहोचले. १९९४च्या मे महिन्यात तर ती वाहिनी स्टारवरून गेली आणि तिची जागा चॅनल व्हीने घेतली. हा अल्बम ज्या वसंतात निघाला, त्याच वसंतात आपल्याकडे त्याला दाखवणारी खिडकी बंद झाली. मुंबईच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाला गर्दी करणाऱ्या पिढीला मेटॅलिका आणि आयर्न मेडन पाठ होते. कोराबीचा आवाज मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचला. रॉकविषयी मराठीत मुळात थोडं लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं बरंचसं यशस्वी अल्बमांबद्दल आहे. न चाललेल्या कामाकडे तितक्याच गांभीर्याने पाहिल्याशिवाय कोणत्याही कलेचा इतिहास पुरा होत नाही, या खात्रीने मी हे पुस्तक लिहिलं.

पुस्तकाची रचना सरळ आहे. पहिल्या भागात सनसेट स्ट्रिप आणि ‘डॉ. फीलगुड’पर्यंतचा प्रवास, दुसऱ्यात अल्बमची घडण आणि बाराही गाण्यांचा एकेक प्रकरणात विचार, तिसऱ्यात १९९४ ते १९९७ या वर्षांचा हिशेब. गाण्यांचे शब्द मी उद्धृत केलेले नाहीत. चाल, वादन आणि गळा यांवर भर दिला आहे. संगीताचं तांत्रिक शिक्षण नसलेल्या वाचकालाही अडू नये अशी भाषा ठेवली आहे. ज्या घटनांबद्दल बँडमधल्याच माणसांची सांगणी जुळत नाहीत, तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत आणि निकाल वाचकावर सोडला आहे.

एक विनंती आहे. दुसऱ्या भागाला हात घालण्यापूर्वी अल्बम एकदा सलग, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐका. ऐकताना विन्स नीलशी तुलना करू नका. चार नवी माणसं पहिल्यांदाच एकत्र आली आहेत आणि हा त्यांचा पहिला अल्बम आहे, असं धरून चाला. त्यानंतर माझं मत पटलं नाही तर खुशाल नाकारा. पण ते नाकारताना आधार गाण्यांचा घ्या, वेष्टनावरच्या नावाचा नको.